उजवीकडचा समास

१

ताईचा हिशोब सोपा असे. चित्र आडवं किती फुल्यांचं आहे ते मोजायचं. कापडाच्या एका इंचात किती घरं बसतात ते मोजायचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं आणि जे येईल त्यात दोन्हीकडून चार-चार बोटं समास धरायचा. उभ्या बाजूचंही तसंच. चार बोटं म्हणजे तीन इंच. रिंगमध्ये कापड ताणायला आणि शेवटी फ्रेमवाल्याला पुठ्ठ्यामागे दुमडायला तेवढे लागतातच. समासात चिकटपणा केला की फ्रेमवाला आपल्या माघारी काय काय बोलतो ते तिला पाठ होतं, आणि ती ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

फुल्यांचं भरतकाम हा तिचा लग्नाआधीपासूनचा नाद. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढते. दिवसभर रेघा ओढून घरी आल्यावर पुन्हा चौकटी बघायची हौस कुणाला असणार? मी कपडे बदलून चहा टाकायचे, ती खुर्चीत बसून घरं मोजत असायची. मोजायची तिची एक पद्धत होती. ताणलेल्या मॅटीच्या कापडावर सुईचं टोक चालवत न्यायचं आणि दर दहा घरांनी ते जरा दाबायचं. खळ असलेलं कापड कडक असतं, त्यामुळे बारीक आवाज येई. टक्. मग शांतता, मग पुन्हा टक्. भावोजी गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले तेव्हापासून माझ्या संध्याकाळींना हाच आवाज होता.

ताई गेली मागच्या खोलीत, भर दुपारी. मी खाली औषध आणायला गेले होते तेवढ्यात.

नंतर मी घर आवरलं. कपडे देऊन टाकले, औषधं फेकली, पलंग उन्हात घालून पुन्हा जागेवर ठेवला. एक वस्तू तेवढी हलवता आली नाही. समोरच्या खोलीत, तिच्या खुर्चीच्या हातावर टेकवलेली रिंग. कापड ताणलेलं, कडेला सुई खोचलेली, सुईत वीतभर काळा दोरा. रोज संध्याकाळी किल्ल्या टेबलावर टाकायच्या, दिवा लावायचा आणि त्या सुईकडे बघायचं. ती असायची. मग स्वयंपाकघरात जायचं.

ताईच्या मुलीचा फोन आला तेव्हा असे काही महिने गेले होते. लहानपणी फारच बुटकी म्हणून तिला सगळे टिंगू म्हणायचे, आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी टिंगूच. तिची बदली आमच्या गावात झाली होती. पुढच्या महिन्यात येऊन माझ्याकडेच राहणार होती, आईच्या खोलीत. तिला तिथे झोपायला काही वाटणार नाही ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, आईचीच तर खोली आहे. मग म्हणाली, आईचं ते शेवटचं चित्र पूर्ण झालेलं असतं तर मी त्या खोलीत लावलं असतं.

मी म्हटलं, तू येईपर्यंत होईल.

मला ती मुलगी घरात हवी होती. किती हवी होती हे मी तिलाही सांगितलं नाही.

२

चित्र म्हणजे आमचीच समोरची खोली. ताईच्या खुर्चीतून दिसते ती भिंत. डावीकडे खिडकी, मग घड्याळ, पुस्तकांचं कपाट, दिव्याचं टेबल आणि त्यावर तिच्या चष्म्याचं घर. भिंतीच्या उजव्या टोकाला मागच्या खोलीचं दार. आजारपणात तिने बाजारातले नमुने आणणं सोडलं आणि बसल्या जागेवरून दिसतं ते भरायला घेतलं. प्रमाण तिने स्वतःच ठरवलं होतं, एका बोटाला एक फुली. अजून उभी राहू शकत होती तेव्हा ती त्या भिंतीला बोटाशेजारी बोट लावत हळूहळू चालायची. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चाललाय.

रविवारी सकाळी मी रिंग हातात घेतली. सुईला हात लावला नाही, फक्त रिंग सैल करून कापड टेबलावर पसरलं, आणि माझ्या लक्षात आलं की चित्र अर्धवट नव्हतंच. कापड जिथे संपत होतं तिथपर्यंत एकही घर रिकामं नव्हतं. फक्त त्यात दार नव्हतं. भिंत दाराच्या चौकटीपर्यंत येऊन थांबली होती आणि तिथेच कापडही.

टेप काढली. माझा तो रोजचा धंदा आहे. भिंत चौदा फूट, म्हणजे एकशे अडुसष्ट इंच. ताईचं बोट पाऊण इंचाचं धरलं तर दोनशे चोवीस फुल्या. मॅटीच्या एका इंचात चौदा घरं, म्हणजे चित्राची रुंदी सोळा इंच. दोन्हीकडचा समास धरून कापड हवं बावीस इंच.

तिने कापलं होतं पंधरा.

डावीकडे तिचा नेहमीचा तीन इंच समास होता. वर होता, खाली होता. उजवीकडे बोटभरही नव्हता. उलट ती कड आत दुमडून काळ्या दोऱ्याने शिवून टाकली होती, इतक्या जवळजवळच्या टाक्यांनी की त्यातून नख शिरलं नसतं. पिशवीचं तोंड शिवतात तसं. खालचा दोन बोटं भाग शिवायचा राहिला होता, आणि सुई तिथे खोचलेली होती.

मी स्वतःशी म्हटलं, आजारी माणूस होतं. हिशोब चुकला, कापड अपुरं पडलं, मग जिथे संपलं तिथे कड बंद करून टाकली. आयुष्यात एकदा तिचा हिशोब चुकला तर त्यात एवढं काय.

सात इंच कमी पडत होतं. चार दाराचे आणि तीन समासाचे.

३

कोपऱ्यावरच्या दोऱ्यांच्या दुकानात ताई इतकी वर्षं जायची की तिथल्या बाईंनी तिच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं होतं. ते स्टूल अजून तिथेच होतं. त्यावर आता बटणांचे डबे होते. मला बघून त्यांनी डबे उचलायला घेतले, मी नको म्हटलं.

मी कापड दाखवलं आणि सात इंचांची पट्टी मागितली. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि शिवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी सांगितलं की हे कापड त्यांनीच कापून दिलं होतं. ताई त्या वेळी रिक्षातून आली होती आणि पायरीवर दोनदा थांबली होती. तिने पंधरा इंच मागितलं तेव्हा बाईंनीच हटकलं होतं, की भिंत भरताय म्हणता, मग एवढ्यात कशी मावेल, अजून वीतभर घ्या, तुमच्याकडून जास्त थोडेच घेणार आहे.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, नको. जागा ठेवली की ती भरावी लागते."

मला वाटलं, थकलेल्या माणसाचं बोलणं आहे. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला आणि मला शिकवायला घेतलं. पट्टी जोडताना जुन्या कापडाच्या घरांवर नव्याची घरं अचूक बसवायची आणि दोन्हींतून एकदमच भरायचं, म्हणजे जोड दिसत नाही. फुलीचा खालचा पाय कुठूनही टाका, पण वरचा पाय सगळ्या फुल्यांचा एकाच बाजूला झुकलेला हवा. तुमच्या ताईंचा उजवीकडे झुकायचा, त्यांच्यासारखाच ठेवा.

"आणि कापड उलटून बघत जा मधूनमधून," त्या म्हणाल्या. "फुली फक्त पुढून दिसते. मागे नुसत्या उभ्या रेघा दिसल्या पाहिजेत. पुढची बाजू काय, कुणीही नटवेल. बाई कशी आहे ते मागून कळतं."

मी म्हटलं, माझं मागून काही बघण्यासारखं नाही. त्या हसल्या. पुढून तरी कुठे आहे, असं म्हणून पट्टी कागदात गुंडाळून दिली. ताईला त्या अशाच बोलत असणार.

निघताना त्यांनी विचारलं, कड उसवायलाच हवी का? वरूनही जोडता येईल.

मी म्हटलं, जोड दिसेल ना मग.

४

ती कड उसवायला दोन संध्याकाळी लागल्या. दोरा दुहेरी होता आणि प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात अडकवलेला होता. ब्लेडने एकेक कापत गेले. शेवटचा सुटला तेव्हा दुमडलेलं कापड आपोआप सरळ झालं, हाताने सरळ करावं लागलं नाही. खळीचं कापड असतं तसं, मी म्हटलं.

पट्टी जोडली आणि ताईच्या खुर्चीत बसले. तिथून भिंत तिला दिसायची तशीच दिसत होती. आधी दाराची चौकट भरली, गडद तपकिरी. मग फळी, फिकट तपकिरी. बिजागऱ्या उजवीकडे, कडी डावीकडे. दार बंद भरलं, कारण ते नेहमी बंदच असतं. चौकट आणि फळी यांच्यात एकही घर सोडलं नाही. सोडायचं कशाला?

हे काम मला आवडायला लागलं हे कबूल करायला हवं. कचेरीतून परतताना पाय जरा भरभर पडायचे. दिव्याखाली बसलं की डोकं रिकामं होई, आणि रिकाम्या डोक्याची मला त्या दिवसांत फार गरज होती.

फळी भरून संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिंग उचलली तर चौकट आणि फळी यांच्यात घरांची एक उभी ओळ रिकामी होती.

सुटली असेल. नवखा हात, दिव्याचा उजेड. मी ती ओळ भरली. पण मग उजवीकडची चौकट मोजली, तर तीही एका घराने पुढे सरकलेली. म्हणजे आधीपासूनच चुकले होते. मॅटीचंही असं असतं की उभ्या आणि आडव्या धाग्यांत फरक पडतो, एका बाजूने इंचात चौदा घरं आणि दुसरीकडून तेरा. पट्टी चुकून आडवी जोडली असेल. फूटपट्टी लावून बघितलं. दोन्हीकडून चौदाच होती.

पुढच्या संध्याकाळी तीन ओळी रिकाम्या होत्या. मी त्या भरल्या नाहीत. कागद घेऊन पुन्हा हिशोब मांडला. चित्र आता दोनशे अठ्ठावीस फुल्यांचं झालं होतं आणि उजवीकडचा समास तेवढाच कमी झाला होता. टेप घेऊन उठले, खरी भिंत पुन्हा मोजली. चौदा फूट. इकडून चौदा, तिकडूनही चौदा. दार उघडलं म्हणून भिंत लांब होत नाही, हे नकाशे काढणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

दार उघडलं म्हणून, हे शब्द मी मनात आणले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्या ओळींना काय समजत होते.

मागच्या खोलीचं दार लोटून बघितलं. कडी नीट बसत नव्हती. लाकूड आहे, फुगतं.

मग आवाज आला. मी खुर्चीत परत बसले होते, सुई हातात होती, पण चालत नव्हती. दाराच्या पलीकडून, बारीक. टक्. मग तेवढाच वेळ, मग टक्. घड्याळ म्हणावं तर ते माझ्या समोर होतं आणि त्याचा आवाज वेगळा. नळ म्हणावा तर त्या खोलीत नळ नाही.

मी उठून दार उघडायला हवं होतं. उठले नाही. भीतीने नाही, निदान फक्त भीतीने नाही. ताई गेल्यापासून या घरात जो जो आवाज झाला तो माझा होता. मी भांडं ठेवलं की वाजायचं, मी चालले की फरशी. हा पहिलाच आवाज, जो मी केलेला नव्हता. मी दिवा न विझवता ऐकत बसले.

५

टिंगूचा फोन शुक्रवारी आला. उद्या दुपारी पोचते म्हणाली, जेवून येणार होती, तरी मी काहीतरी करून ठेवणारच हे तिला माहीत होतं, म्हणून काय करू नको त्याची तिने यादी सांगितली. मग चित्राचं विचारलं. मी म्हटलं, आईने दार सोडून दिलं होतं, ते भरतेय.

ती म्हणाली, दार?

मग तिने सांगितलं, की शेवटी ती आली होती त्या आठवड्यात आईला संध्याकाळी समोरच्या खोलीत आणून बसवायचे तेव्हा आई एकच म्हणायची. पाणी नको, उशी नको, तू इथे बस, माझ्या आणि दाराच्या मधे. टिंगू स्टूल घेऊन बसायची, तिच्याकडे तोंड करून. एकदा तिने आईला विचारलं होतं, दाराची भीती वाटते का? मागच्या खोलीत जायची?

"आई म्हणाली, जायची नाही गं. जायचंच आहे. मला माझा स्वभाव माहितीय, म्हणाली. मी परत यायला बघेन."

टिंगू हसली, हसता हसता नाक पुसल्याचा आवाज आला. म्हणाली, बघ ना मावशी, कसली चिवट बाई होती. औषधांच्या गुंगीत काहीही बोलायची.

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ताईच्या खुर्चीकडे न बघता स्वयंपाकघरात गेले. ती पट्टी उद्या काढून टाकायची, कड होती तशी शिवायची, एवढं ठरवलं. आत्ताच का नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. समोरच्या खोलीकडून तो आवाज येत होता आणि मला तो थांबायला नको होता.

६

टिंगू आली ती दोन बॅगा, एक उशी आणि एक झाड घेऊन. घर एकदम लहान झालं. तिने मला उचलून बघितलं, वाळलीस म्हणाली, फ्रिज उघडून नको म्हणून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी सापडल्या म्हणून रागावली, आणि मग बॅगा ओढत मागच्या खोलीत गेली. दार तिने मागे लोटून घेतलं. आतून कपाट उघडल्याचा, हँगर सरकवल्याचा, तिच्या गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला. ऊन खिडकीतून अर्ध्या फरशीवर आलं होतं.

मी खुर्चीत बसले. ताईची छोटी कात्री आणि काळा दोरा घेतला, रिंग मांडीवर ओढली.

फळी आणि चौकट यांच्यातली जागा आता चांगली रुंद झाली होती. उजवीकडचा समास निम्माही उरला नव्हता. आणि फळीच्या डाव्या कडेवर, मधल्या उंचीला, एकाखाली एक चार टाके होते. फुल्या नव्हत्या. नुसत्या उभ्या रेघा, एका घरात एक. मी घातलेल्या नव्हत्या. दोऱ्याचा रंग माझ्या डब्यात नव्हता, ताईच्या डब्यातही नव्हता.

चित्राचं प्रमाण मला पाठ होतं. एका बोटाला एक फुली.

"मावशी," टिंगू आतून म्हणाली, "दार सोड ना."

मी मान वर केली. खरं दार चार बोटं उघडं होतं. फटीतून तिचा पिवळा सदरा दिसत होता, ती दार आत ओढत होती आणि ते हलत नव्हतं. दाराच्या कडेवर काही नव्हतं. नीट बघितलं, काही नव्हतं. फक्त मधल्या उंचीला रंग जरा दबल्यासारखा वाटला, धरून धरून होतो तसा. जुनी दारं तशीच असतात.

"गंमत करू नको गं. लहान आहे का मी आता?"

मी कात्री उचलली. पुढच्या बाजूने त्या रेघांखाली टोक शिरेना, टाके फार घट्ट होते. म्हणून कापड उलटलं.

मागे फुल्या होत्या. चार नीट, भरीव फुल्या. वरचा पाय उजवीकडे झुकलेला. दोऱ्याचं टोक गाठ न मारता शेवटच्या टाक्याखाली सरकवून दिलेलं. बाकी सगळ्या कापडाची ती मागची बाजू होती, माझे गुंते आणि ओढलेले धागे तिथे दिसत होते. एवढ्या चार घरांपुरती मात्र ती पुढची होती. ज्याने ते टाके घातले ते कापडाच्या पलीकडे बसलेलं होतं.

असं टोक सरकवणारी बाई मी एकच पाहिली.

मी त्या फुल्यांवर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर मला कापायचं नव्हतं. मनात आलं की दुकान अजून उघडं असेल. वीतभर कापड आणलं तर मनगट मावेल. हातभर आणलं तर खांदा. ताई किती उंच, किती रुंद हे मला मोजायचीही गरज नव्हती. हिशोब माझ्या डोक्यात तयार झाला, भागाकारासकट, समासासकट.

"मावशी?" टिंगू म्हणाली. आवाजातली गंमत गेली होती. "मावशी, तू खुर्चीत आहेस का?"

फटीतून तिला मी दिसले असणार.

मी पहिली फुली कापली. मग दुसरी, तिसरी. घाई केली नाही, कात्री सरकली असती तर कापड फाटलं असतं. चौथी कापली आणि दोरा काढायला चिमटीत धरला तेव्हा पलीकडून तो जरासा ओढला गेला. जोराने नाही. निघताना कुणी हातातला हात सोडण्याआधी दाबावा, तेवढंच. मग दोरा आला माझ्या चिमटीत.

दार धाडकन आतल्या भिंतीवर आपटलं. टिंगू दोन पावलं मागे गेली आणि पलंगावर बसली. तिथूनच माझ्याकडे बघत राहिली, माझ्या मांडीवरच्या कापडाकडे, कात्रीकडे.

"दार दुरुस्त करून घ्यायला हवं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. लाकूड फुगतं.

मग ती न विचारता बाहेर आली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसली. माझ्याकडे तोंड करून, माझ्या आणि दाराच्या मधे. मी पट्टी कापून वेगळी केली, कड आत दुमडली आणि शिवायला घेतली. ताईच्या सुईची जुनी भोकं कापडात तशीच होती, माझी सुई आपोआप त्यात जात होती. खालची दोन बोटं तिने सोडली होती तीही शिवली. दोरा संपत आला की टिंगू नवा ओवून देत होती.

७

चित्र फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, उजवीकडचा समास कुणी खाल्ला? ताई म्हणून दाखवायची अगदी त्याच आवाजात. मी हसले आणि मग मला दुकानाबाहेर येऊन जरा उभं राहावं लागलं.

आता ते समोरच्या खोलीत आहे. टिंगूही तिथेच झोपते, मी तिला सांगितलं की मागच्या खोलीत हवा खेळत नाही. तिने वाद घातला नाही. मागच्या खोलीत मी झोपते. दार सुताराने रंधा मारून नीट करून दिलं. लागतं, उघडतं, कडी बसते.

दोऱ्यांच्या दुकानावरून जाते तेव्हा बाई आतून विचारतात, आणखी कापड लागलं का? मी हाताने नाही म्हणते आणि चालत राहते, कारण थांबले तर किती लागेल ते माझ्या तोंडून निघून जाईल.

काल संध्याकाळी टिंगू कामावरून यायची होती. मी दिवा लावला, किल्ल्या ठेवल्या आणि सवयीने चित्रासमोर उभी राहिले. काचेला कान लावायचं काही कारण नव्हतं. लावला. उजव्या कडेच्या पलीकडे, जिथे कापड नाही, तिथे ती मोजत होती. दहा घरं, टक्. दहा घरं, टक्. मधे बराच वेळ काही नाही, तेव्हा बहुधा भागाकार चालला असेल. मग समास धरायला म्हणून चार बारीक टक्, एकाला लागून एक, बोटं मोजावीत तसे.

मी तशीच उभी राहून ऐकत होते. आता तिला कापड कुठून मिळेल ते मला माहीत नाही. पण ताईचा हिशोब कधी चुकलेला मी पाहिलेला नाही.